आधी तू बस

विधवांच्या यादीत माझं नाव चढलं तेव्हा मी माझं वय साठ सांगितलं होतं. खरं अठ्ठावन्न होतं. पण यादीत यायचं तर साठ पुरी लागतात, नवरा एकच झालेला लागतो आणि पाहुण्यांचे पाय धुतलेले लागतात. नवरा एकच झाला होता, आणि तेवढा एक पुरे होता. पाय तर मी इतके धुतलेत की गावातल्या निम्म्या टाचांच्या भेगा मला तोंडपाठ आहेत. उरलेल्या दोन वर्षांचं देव माझ्याशी बघून घेईल, असं मी ठरवलं.

यादीत आम्ही दोघीच. मी शल्मत आणि माझी मैत्रीण शमुनी. मी भट्टीवाल्याची बायको. नवरा गेला तशी भट्टी दिराकडे गेली, पण दारोदार भाकरी पोचवायची पायांना लागलेली सवय माझ्याकडेच राहिली. शमुनी जाडजूड, गुडघ्यांनी अधू आणि जिभेने धडधाकट. ख्रिस्ताला मानणारी आमची मंडळी आम्हाला जव, तेल आणि कातायला लोकर द्यायची, आणि आम्ही मंडळीसाठी प्रार्थना करायची. म्हणायला काम एवढंच. खरं काम चालण्याचं होतं. कोणाच्या घरी ताप आहे, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणाची चूल दोन दिवस पेटलेली नाही, हे आधी आम्हाला कळायचं आणि आमच्याकडून मंडळीला. शिवाय ज्या घरात पुरुष आमच्या प्रभूचं नावही ऐकून घेत नाहीत, त्या घरात मागच्या दाराने बाईच जाऊ शकते. बिशप काही चाळणी मागायच्या निमित्ताने दुसऱ्याच्या चुलीपाशी जाऊन बसू शकत नाही.

आमचा बिशप अक्कूबा. कातडी कमावणाऱ्याचा मुलगा, चाळिशीच्या अलीकडचा, उंच, हडकुळा आणि सदा कसल्या ना कसल्या काळजीत. माणूस वाईट मुळीच नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याला बरंच काही बोलणार आहे. त्याची एक लकब होती. प्रभूच्या दिवशी, म्हणजे रविवारी, भाकर मोडण्याआधी तो तिच्या मधोमध अंगठा दाबायचा आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचा. लोकांना वाटायचं, ही कुठून तरी थोरामोठ्यांकडून आलेली रीत असणार. त्याचा मदतनीस डीकन झब्दाई, त्याने तर घरी जेवतानासुद्धा भाकरींवर अंगठे दाबायला सुरुवात केली होती. मी पहिल्या बाकावर बसायची. मला सगळं ऐकू यायचं. मी गप्प बसायची.

त्या हिवाळ्यात पश्चिमेकडच्या एका मोठ्या मंडळीतून नियमांचं पुस्तक आलं. अक्कूबाने ते आधी तीन दिवस एकट्याने वाचलं आणि चौथ्या दिवशी सगळ्यांसमोर.

"विधवेने घरी बसावं," तो वाचू लागला. "बिशपच्या किंवा डीकनच्या परवानगीवाचून कोणाच्या घरी जाऊ नये, कोणाकडे जेवू नये. कोणी धर्माचं काही विचारलं तर तिने शिकवू नये, विचारणाऱ्याला बिशपकडे पाठवावं. विधवा म्हणजे कोनाड्यातला दिवा. दिवा गल्लोगल्ली हिंडत नाही."

"कोनाड्यात तेल तरी आपोआप येतं का?" शमुनी पुटपुटली. शमुनीचं पुटपुटणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं.

प्रार्थना झाल्यावर तो आम्हा दोघींपाशी आला. हात एकमेकांत गुंतवून उभा राहिला. "शल्मतबाई, हे तुमच्याच मानासाठी आहे."

"मान पुष्कळ झाला, बिशपबाबा. पाय मोकळे असू द्या."

"बाहेर लोक काय बोलतात ठाऊक आहे? म्हणतात, ख्रिस्त्यांच्या बायकांना दावं नाही. उद्या कोणी अधिकाऱ्याच्या कानावर घातलं तर सगळ्या मंडळीवर बेतेल."

"बोलणारे कोण? ज्यांच्या बायका मागच्या दाराने आमच्याकडे येतात, तेच ना?"

त्याचे कान लाल झाले. पण नियम नियमच राहिला.

आता नन्नाईचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापायीच घडलं. नन्नाई तराफेवाल्या मलकूची बायको, चोवीस वर्षांची, हसरी, हाताला चपळ. मलकू आमच्यातला नव्हता. हवा भरलेल्या पखालींवर ओंडके बांधायचे, वर माल लादायचा आणि फरात नदीच्या पाण्यावरून दक्षिणेला न्यायचा, हा त्याचा धंदा. नन्नाई तीन वर्षं ऐकणाऱ्यांच्या रांगेत होती. तीन वर्षं ऐकल्याशिवाय आमच्यात बाप्तिस्मा नाही. ती तीन वर्षं येत्या पुनरुत्थानाच्या सणाला पुरी होत होती, आणि त्याच सणाला मलकू बिऱ्हाड मोडून निघणार होता. खाली, समुद्राच्या तोंडाशी, त्याच्या भावाने त्याला कायमचं बोलावलं होतं. तिथे मंडळी नाही. प्रवाहाबरोबर उतरायला पंधरा दिवस, पण वर परत यायचं तर गाढवावरून दोन महिने. म्हणजे नन्नाईचा बाप्तिस्मा या सणाला झाला तर झाला, नाहीतर बहुतेक कधीच नाही.

त्यात हिवाळ्यात तिची सासू अंथरुणाला खिळली. नन्नाईला मंडळीत यायला जमेना. ऐकायचं, शिकायचं तर अजून बाकी होतं. मग काय, मी गेले. न विचारता गेले. चार वेळा गेले. चौथ्या वेळी कोपरापर्यंत पिठात बुडालेल्या हातांनी बाहेर आले ती थेट डीकन झब्दाईच्या समोर.

अक्कूबाने मला वडीलमंडळींसमोर, म्हणजे मंडळीच्या पंचांसमोर, उभं केलं. "परवानगी मागितलीत?"

"नाही."

"तिला शिकवलंत?"

"कणीक मळत होतो दोघी. मळता मळता जे तोंडात आलं ते आलं."

तो हळू आवाजात म्हणाला, "शल्मतबाई, दोन्ही चुका झाल्या एवढं म्हणा. इथेच मिटेल."

"न विचारता गेले, ही चूक. ती कबूल. शिकवलं, ही चूक नाही. ते मी म्हणणार नाही."

खरं तर माझ्याजवळ एक वाक्य होतं. ते मी बोलले असते तर सगळं तिथल्या तिथे संपलं असतं. पण ते वाक्य माझ्या एका मेलेल्या मैत्रिणीचं होतं, आणि स्वतःची कातडी वाचवायला मी तिला कबरीतून उठवणार नव्हते. शिवाय केलेलं बोलून दाखवलं की त्याचे उपकार होतात. मी दात दाबून उभी राहिले. यादीतून माझं नाव खोडलं गेलं. सणानंतर पन्नास दिवस होईपर्यंत मी मंडळीच्या घराच्या दाराबाहेर उभं राहायचं, आत येणाऱ्या प्रत्येकाकडे प्रार्थनेची याचना करायची, आणि तोवर कोणी माझ्याबरोबर जेवायचं नाही. शिक्षा झालेल्याचा शब्दही मंडळीत चालत नाही.

पहिल्या दिवशी जाडंभरडं कापड अंगावर घेऊन मी दाराशी उभी राहिले तेव्हा मला रडू आलं, हे कबूल करते. दुसऱ्या दिवशी राग आला. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की अख्ख्या मंडळीला माझ्यासमोरूनच जावं लागतं, आणि याचना कशी करायची ते पुस्तकात लिहिलेलं नाही.

"झब्दाई, बाळा, माझ्यासाठी प्रार्थना कर," मी हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची. "तुझ्या बायकोच्या बाळंतपणात सात दिवस लापशी ढवळली त्या हातांसाठी तरी कर. लापशी तूच संपवलीस, पण त्याचं काही नाही."

झब्दाई मान खाली घालून आत पळायचा. बायका मात्र लवकर यायला लागल्या. दाराशी येऊन थांबायच्या, मी याचना करायची, त्या घरची खबर द्यायच्या. माझ्याबरोबर जेवायला बंदी होती, पण माझ्या शेजारच्या कट्ट्यावर खजूर विसरून जायला नव्हती. त्या दिवसांत आमची मंडळी फारच विसराळू झाली. एक जण तर अख्खी भाजलेली मासळी विसरून गेला, वर कांदासुद्धा.

इकडे शमुनीने नियम अक्षरशः पाळायला घेतला. तिचं घर मंडळीच्या घरासमोरच. ती घरातच बसायची, खिडकीत. "खिडकी घरातच असते," असं तिने झब्दाईला समजावून दिलं होतं. पूर्वी आमच्याकडे येणाऱ्या सगळ्या बायका आता तिच्या खिडकीखाली यायच्या, आणि शमुनी प्रत्येकीला एकच उत्तर द्यायची.

"शमुनीआजी, बाळाची उचकी थांबत नाही."

"मला शिकवायची परवानगी नाही गं बाई. बिशपना विचार."

"आजी, उपासाच्या दिवसांत पोटुशी बाईने किती खावं?"

"बिशपना विचार."

"आजी, सासू मिठाचं मडकं उशाशी घेऊन झोपते."

"अगं, हे तर बिशपनाच विचार!"

आणि त्या विचारायच्या. बिचारा अक्कूबा! सकाळी दार उघडलं की ओट्यावर सात-आठ बायका, काखेत पोरं, प्रत्येकीच्या मनात असा प्रश्न की जो त्या पुस्तकाच्या एकाही पानावर नाही. पंधरा दिवसांत तो आणखी वाळला. एकदा दुपारी तो एकटाच दाराशी आला, इकडेतिकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"शल्मतबाई, बडीशेप की मेथी?"

"कशासाठी?"

"म्हणजे, बाळंतिणीला. दूध येण्यासाठी." त्याचे कान पुन्हा लाल.

"मला शिकवायला बंदी आहे, बिशपबाबा."

तो इतका केविलवाणा दिसला की मला राहवेना. "दोन्ही," मी म्हटलं. "मेथी आदल्या दिवशी भिजत घालायची. आणि हे मी तुम्हाला शिकवलेलं नाही. मी आपली दाराशी उभी राहून स्वतःशी बोलत होते."

"मी पण काही ऐकलं नाही," तो म्हणाला आणि लगबगीने आत गेला. जाताना "बडीशेप, मेथी" असं घोकत होता.

सण जवळ आला. नदीला वरच्या बर्फाचं पाणी यायला लागलं. सणाच्या आदल्या दिवशी सकाळी बाप्तिस्म्याला बसलेल्यांची तपासणी होती. दोन पुरुष, तीन बायका. प्रत्येकाला ज्याने आणलं त्याने उभं राहून साक्ष द्यायची, आणि बिशपने ठरलेले प्रश्न विचारायचे. दारं सताड उघडी होती. मी उंबऱ्याबाहेर उभी होते. माझ्या शेजारी मलकू येऊन उभा राहिला, भिजलेल्या पायांनी, खांद्यावर दोर.

"मावशी, लवकर उरकेल ना यांचं?" तो कुजबुजला. "तिने तुमच्या देवाच्या पाण्यात बुडी मारली तर मारू दे, माझी ना नाही. पण उद्या सूर्य हातभर वर आला की मी तराफा सोडणार. पाणी आज आहे तसं परवा नसतं."

चौघांचं झालं. मग नन्नाई उभी राहिली.

"हिला कोणी आणलं?" अक्कूबाने विचारलं.

"शल्मतमावशीने."

"आणखी कोणी?"

"नाही. तिनेच."

आत कुजबुज झाली. झब्दाईने पुस्तकातलं पान दाखवलं. शिक्षेवर असलेल्याची साक्ष धरता येत नाही. वडीलमंडळींतले एक जण म्हणाले, "पुढच्या सणाला बघू."

"पुढच्या सणाला मी इथे नाही," नन्नाई म्हणाली. तिचा आवाज चिरकला.

मीच तिला आणलं, आणि मीच तिच्या वाटेतला धोंडा झाले. दाराशी उभं राहून केलेल्या माझ्या साऱ्या गमतीजमती मला त्या क्षणी कडू लागल्या. शिक्षा मला झाली होती असं मी समजत होते. ती खरी या पोरीला झाली होती.

अक्कूबालाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. त्याने पानं उलटली आणि त्याचा चेहरा जरा उजळला. "हा प्रश्न बघा. 'तिने विधवांचा मान राखला का?' याचं उत्तर तर कोणतीही विधवा देऊ शकेल. तीही साक्षच झाली." त्याने बाकाकडे पाहिलं. त्या सकाळपुरती त्याने शमुनीला यायची परवानगी दिली होती. "शमुनीबाई, हिने विधवांचा मान राखला का?"

शमुनी बाकाला धरून सावकाश उठली. अख्खं घर कानात प्राण आणून ऐकत होतं.

"मला काही सांगायची परवानगी नाही," ती म्हणाली. "बिशपना विचारा."

आधी एक बाई फिसकन हसली, मग तिची शेजारीण, मग सगळं घर. ज्यांनी पुढच्या सणाचं काढलं होतं ते वडीलसुद्धा दाढीत हसत होते.

"शमुनीबाई, मी विचारतोय! मीच बिशप आहे!"

"मग तुम्हाला ठाऊक असणारच, बिशपबाबा."

मी हसले नाही. शमुनीला वाटलं तिने बाजी मारली. पण माझं लक्ष नन्नाईकडे होतं, आणि नन्नाई रडत होती. तेवढ्यात माझं ठरलं. मी उंबऱ्यावर गुडघे टेकले.

"बिशपबाबा," मी म्हटलं, आणि हसणारे गप्प झाले. "शिकवलं, तीही चूक झाली. म्हणते मी. सगळ्यांसमोर म्हणते. आता मला मोकळं करा आणि माझी साक्ष घ्या."

इतके आठवडे जे गिळलं नव्हतं ते गिळलं होतं. पण नन्नाई गर्रकन वळली.

"नाही मावशी! बिशपबाबा, तिने शिकवलं ती चूक असेल, तर मला पाण्यात उतरवूच नका. मला जे येतं ते सगळं तिचंच आहे. ते चुकीचं असेल तर माझ्याजवळ उरतं काय?"

मलकूने खांद्यावरचा दोर खाली ठेवला. अक्कूबाने पुस्तक बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "काय शिकवलं तिने तुला? सांग. मी ऐकतो."

नन्नाई गोंधळली. डोळे पुसत म्हणाली, "मोठं काही नाही हो. मी पहिल्या दिवशी म्हटलं, मावशी, मला प्रार्थनेला वेळच नाही. पाणी, सासू, कणीक यातच दिवस जातो. तर मावशी म्हणाली, कणकेचा गोळा तर करतेस ना? गोळा थापला की मधोमध अंगठा दाब, आणि म्हण, 'आधी तू बस.' घरात थोर माणूस आलं की आपण म्हणतो ना, तसं. तो खळगा म्हणजे प्रभूची जागा. तो बसला की मग बाकीच्यांना वाढ, मग तुझ्या घरात कोणीही जेवलं तरी ते त्याच्या पंगतीला जेवलं. आणि सासूने विचारलंच तर सांग, भाकर वाकडीतिकडी फुगू नये म्हणून दाबते."

कोणीतरी हसलं, पण अक्कूबा हसला नाही. त्याने उजव्या हाताची मूठ आवळली होती आणि अंगठा आत लपवला होता, चोरी पकडलेल्या पोरासारखा.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला. "अंगठा दाबून काय म्हणायचं?"

"आधी तू बस."

तो उठला. तपासणी चालू असताना बिशप आसन सोडत नाही. तो सोडून निघाला. दोन्ही बाजूंच्या बाकांमधून चालत थेट उंबऱ्यापर्यंत आला. मी मान खाली घातली. मला त्याची फक्त पावलं दिसत होती, आणि मग माझ्या डोक्यावर त्याचा हात आला.

"माझी आई असंच म्हणायची," तो म्हणाला. आवाज इतका लहान की फक्त मी आणि मलकूने ऐकला. "मी नऊ वर्षांचा होतो ती गेली तेव्हा. तिला हे कोणी शिकवलं, मी कधी विचारलंच नाही."



मग तो सरळ झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शल्मतबाई विचारल्याशिवाय गेल्या. ती चूक त्यांनी पहिल्याच दिवशी कबूल केली होती. शिकवण्यात चूक नव्हती. ते त्यांच्याकडून म्हणवून घ्यायला नको होतं, ती चूक माझी. उठा बाई. आत या. साक्ष द्या."

मी आत गेले. जीभ जागेवर होतीच. "विधवांचा मान? बिशपबाबा, ही पोर मला उशीवर बसवून स्वतः जमिनीवर बसायची. आजाऱ्याची सेवा? सासूची पाठ दिवसातून तीनदा पुसते, आणि ती सासू काय बोलते ते या घरात सांगण्यासारखं नाही." मलकू बाहेरून मोठ्याने म्हणाला, "अगदी खरं!" आणि तपासणी संपली.

दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवला तेव्हा आम्ही पाण्याच्या खोलीत होतो. बायकांच्या वेळी पडदा ओढतात. बिशपने बाहेरून डोक्यावर तेलाचं बोट लावायचं, आणि बाकी अंगाला बाईनेच तेल चोळायचं. नन्नाईने केस सोडले, कानातलं काढलं, उभी राहिली. मी कोपरापर्यंत तेलात हात बुडवले. पाठ झाली, खांदे झाले, आणि कुशीला हात लागला तशी ती खुदकन हसली.

"काय झालं?" पडद्याबाहेरून अक्कूबाचा काळजीचा आवाज.

"गुदगुल्या, बिशपबाबा!" शमुनीने दरडावलं. "तुम्ही तुमचं म्हणा."

पडद्यापलीकडे तोही हसला. मी त्याला ऐकलं. हसता हसताच नन्नाई पायऱ्या उतरली, आणि तीनदा पाण्याखाली जाऊन वर आली तेव्हाही तिचे दात दिसत होते. मी इतके बाप्तिस्मे पाहिले, पण असा ओला, तेलकट, हसरा बाप्तिस्मा पुन्हा पाहिला नाही. तिला पांढरं वस्त्र नेसवताना मी तिला धरून रडले, पण ते रडणं निराळं होतं. मग बाप्तिस्म्यानंतर देतात ते दूध आणि मध तिने घेतलं आणि ओठ चाटत विचारलं, "मावशी, आणखी मिळतं का गं?"

घाटावर मलकू तराफा दोन्ही हातांनी धरून उभा होता. सूर्य हातभर नव्हे, चांगला दोन हात वर आला होता. "पाणी बायकोची वाट बघत नाही," तो मला म्हणाला, "पण नवऱ्याला बघावी लागते." सासूला घोंगडीत गुंडाळून मालाच्या पोत्यांमध्ये आधीच बसवलं होतं, आणि ती प्रत्येक पोत्याला नावं ठेवत होती. नन्नाईच्या हातात सणाची एक भाकर होती, मधोमध अंगठ्याचा खळगा पडलेली. तो अंगठा कोणाचा हे तिला ठाऊक होतं. तराफा प्रवाहाला लागला तेव्हा तिने भाकर वर धरून आम्हाला दाखवली.

वळणापलीकडे ती दिसेनाशी झाली, तरी अक्कूबा तिथेच उभा राहिला. मीही थांबले.

"तुम्ही आमच्या घरी यायचात तर," तो म्हणाला.

"दर तिसऱ्या दिवशी. भाकरी घेऊन. तुझ्या आईला प्रार्थना यायला लागली तशी ती भाकरी जास्तच मागवायला लागली. तुझ्या वडिलांना कळू द्यायचं नव्हतं, म्हणून कोणालाच सांगायचं नाही, असं तिने मला शपथेवर सांगितलं होतं. तुमच्या कुत्र्याने दोनदा चावा घेतला. पोटरीवर खूण आहे अजून." बोलता बोलता मी त्याला अरेतुरे करायला लागले होते. ते दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघंही त्यावर काही बोललो नाही.

मग त्याच्यातला बिशप जागा झाला. "पण परवानगी?" त्याने विचारलं. "मंडळीत कोणाची तरी परवानगी घेऊन यायचात ना?"

"कोणाकडे मागू रे? आम्ही सात जण होतो तेव्हा. आणि तू तर पाळण्यात पडला होतास, तोच अंगठा चोखत."

तो हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. बिशप घाटावर हसतोय म्हणून दोन कोळी जाळं टाकायचे थांबले. मी डोक्यावरचं वस्त्र सावरलं. वरच्या आळीत एक बाळंतीण होती आणि तिला मेथी मानवली की नाही ते बघायचं होतं. मी कोणाला काही न विचारता चालायला लागले. वळेपर्यंत कान मागे होते, पण हाक आली नाही.